टर्बो निवेपर्यंत

केम गावाच्या अलीकडच्या चढावर पिकअपनं दम टाकला तेव्हा सिद्धाप्पानं काच खाली केली आणि कान दिला. बॉनेटखालून बारीक शिट्टी येत होती. आरशात पाहिलं तर मागं निळसर धूर. हौद्यात कुणाच्या पालाच्या काठ्या, भांडी, कोंबड्यांची पाटी आणि नुकती जन्मलेली, चालता न येणारी कोकरं होती.

"परत इंजिनाचा टर्बोच गेला की," तो म्हणाला. केबिनमध्ये ऐकायला कुणी नव्हतं.

सिद्धाप्पा मूळचा मंगळवेढ्याच्या पल्याडचा. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालून काढलं. गुडघे गेले तेव्हा आपली मेंढरं भावाला दिली आणि पिकअप घेतली. मेंढरं पाऊस-पाण्याच्या हिशेबानं रानोमाळ हिंडतात. माणसं त्यांच्याबरोबर चालतात, आणि त्यांचं बिऱ्हाड सिद्धाप्पा गाडीत घालून पुढच्या मुक्कामाला नेतो. काम सोपं होतं, पण एकट्याचं. कळप संध्याकाळी पोचायचा, सिद्धाप्पा दुपारीच. तोवर मोकळं रान आणि तो.

बायको मायाक्का होती तोवर त्याला हे कधी जाणवलं नाही. ती डाव्या सीटवर मांडी घालून बसायची, वाटभर बोलायची, आणि मुक्कामावर उतरली की तीन दगड मांडून चूल पेटवायची. गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. तेव्हापासून सिद्धाप्पा सामान उतरवून, रानमालकाला लक्ष ठेवायला सांगून लगेच माघारी फिरायचा. कळप यायची वाट बघत नसे. कुणी 'जेवून जा' म्हणेल, याचीच त्याला धास्ती वाटायची.

कशीबशी कोकरं पोचवून त्यानं गाडी सोलापूरला आणली आणि सर्व्हिस सेंटरला लावली. काउंटरवर प्रभा होती. गेल्या खेपेलाही तिनंच गाडी लावून घेतली होती.

"मामा, वर्षाच्या आत दुसरा टर्बो," ती म्हणाली. "वॉरंटी आहे अजून, पण कंपनी विचारणार. त्यांचा माणूस येऊन बघेल, मग ठरेल. तुम्ही घरी जा, मी फोन करते."

"घरी कशाला? बसतो की हितंच."

घर म्हणजे गावाकडची कुलूपबंद खोली. मुलगी सुकन्या सोलापूरजवळच्या कुंभारी गावात दिली होती, तिच्याकडं तो मुक्कामाला गेला. पण जावई आणि ती, दोघंही सकाळीच कामाला जायची. जाताना ती ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, "आबा, टीव्ही लावा." तो टीव्ही लावायचा नाही. कडी घालून, बस पकडून वर्कशॉपला यायचा आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसायचा. भिंतीवरच्या टीव्हीत कुणीतरी सतत बोलत असे. लोक यायचे, गाड्या घेऊन जायचे. काचेपलीकडं त्याची पिकअप बॉनेट उघडून उभी होती.

एकदा मिस्त्री जोतिरामनं त्याला आत बोलावलं. काढलेला टर्बो टेबलावर ठेवला होता, गोगलगाईच्या शंखासारखा. जोतिरामनं आतल्या चक्राला बोट लावलं.

"बघा, कसं डुगडुगतंय. दांडा झिजलाय. आतलं ऑइल जळून काळं झालंय."

"ऑइल तर येळेवर बदलतो मी."

"ते दिसतंय. फिल्टर पण चांगलाय. म्हणूनच कोडं पडलंय."

कंपनीचा माणूस आला तो शनिवारी. तरुण होता, बोलायला नीट. त्यानं टर्बो उलटासुलटा करून पाहिला, फोटो काढले आणि सिद्धाप्पाला समोर बसवलं. प्रभाही होती.

"काका, लांबून गाडी आणली की लगेच बंद करता?"

"व्हय. थांबली की किल्ली फिरवायची. बसून काय करायचं?"

"तिथंच चुकतंय. टर्बो लालबुंद तापलेला असतो, गरागरा फिरत असतो. इंजिन बंद केलं की त्याचं ऑइल थांबतं. तो कोरडाच फिरतो आणि झिजतो. थांबल्यावर थोडा वेळ इंजिन नुसतं चालू ठेवायचं, मग बंद करायचं." त्यानं कागद चाळले. "पण तुमचा पहिला टर्बो तर कितीतरी वर्षं टिकला. तेव्हा असं करत नव्हता का?"

"न्हाय. तेव्हा..." सिद्धाप्पा बोलायला गेला आणि थांबला.

तेव्हा मायाक्का उतरायची. तिला सावलीत उतरवूनच तो गाडी कडेला लावायचा, म्हणून तोवर इंजिन चालूच. आणि तिचं उतरणं म्हणजे काय. आधी मांडी सोडायची. मग सीटखाली गेलेली चप्पल पायानं चाचपायची. मग गाठोडं, मग पाण्याची बाटली. तो घाई करायला लागला की ती माहेरच्या कानडीत म्हणायची, "तडी, तडी." थांब जरा.

"काय झालं, मामा?" प्रभानं विचारलं.

"काय न्हाय, ताई. तेव्हा मंडळी असायची संगं. तिला उतराय लई येळ लागायचा." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गाडी तिच्यामुळं टिकली म्हनायची."

त्या तरुणानं फोन बाजूला ठेवला आणि कागद पुढं ओढले. मग म्हणाला, "या खेपेला मी वॉरंटीत बसवून देतो. पण पुढच्या वेळी नाही जमायचं. थोडं थांबत जा, काका."

नवा टर्बो बसला. गाडी पुन्हा चढ ओढू लागली. पण ते थांबणं सिद्धाप्पाला जड जात होतं. इतके दिवस गाडी थांबली की तो दार उघडून खाली उडी टाकायचा आणि सामानाला भिडायचा. आता इंजिनाची घरघर ऐकत बसावं लागे. डावीकडं बघायचं नाही, असं ठरवून तो समोरच्या काचेतून रानाकडं बघे. तरी मान वळायचीच. एकदा त्यानं हात घालून सीटखाली चाचपलं. तिथं फक्त पाना होता आणि वाळलेला कांद्याचा पापुद्रा.

माढ्याजवळच्या एका मुक्कामावर तो असाच बसला होता. कळप अजून लांब होता. पायानं अधू झालेली म्हातारी शिवबाई तेवढी दुसऱ्या गाडीनं आधी येऊन बसली होती. ती काठी टेकत खिडकीशी आली.

"उतरत का न्हाईस रं?"

"टर्बो निवू दे, काकू."

"कोन?"

"इंजिनातलं यंत्र हाय. लगेच बंद केलं तर बिघडतंय."

शिवबाईनं दारावर हात ठेवला. पत्रा थरथरत होता. "मायाक्का असती तर आतापतूर चूल पेटली असती," ती म्हणाली.

मायाक्का गेल्यापासून तिचं नाव त्याच्यासमोर कुणी काढलं नव्हतं. सगळे सांभाळून बोलायचे.

"व्हय," तो म्हणाला. "उतराय येळ लावायची, पन उतरल्यावर न्हाय."

"मेथीची भाजी लई चांगली करायची."

"मीठ जास्त पडायचं."

"ते बी खरं," शिवबाई म्हणाली आणि काटक्या वेचायला निघून गेली.

इंजिन केव्हाच निवलं असेल. तरी सिद्धाप्पा बसून राहिला. मग त्यानं किल्ली फिरवली. रानात एकदम शांत झालं. लांबवर कुठंतरी पंप चालू होता, तेवढाच आवाज. खाली उतरून त्यानं पालाच्या काठ्या काढल्या, कोकरं सावलीत सोडली. माघारी जायला अजून भरपूर ऊन होतं. तो बांधाकडं गेला, तीन सारखे दगड शोधून आणले आणि मांडले. ते नीट बसले नाहीत. त्यातला एक राहून राहून हलत होता. खाली दगडाची चिपरी घालून तो त्याला बसवत राहिला.