वैशाली पास झाली

दवाखान्याच्या बाकड्यावर माणसं उठून जातात, किस्से तिथंच राहतात. कोणी झाडूनही नेत नाही! मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात नंबर पुकारायची. साल दोन हजारच्या आसपास, महिन्यातून एकदा नागपूरहून मनाचे डॉक्टर यायचे. ऑटिझम हा शब्द आमच्याकडे नवाच. तपासणीला कितीतरी फेऱ्या लागायच्या, म्हणून सगळे तिला ‘परीक्षा’च म्हणायचे. निकालाची वाट पाहून पोरं पार खचून जायची.

*

माजरीची एक बाई पोराला घेऊन आली. सोबत सासू. डॉक्टरांनी विचारलं, “हा बोलायला कधी लागला?”

सुनेनं तोंड उघडायच्या आत सासू कडाडली, “आमच्या खानदानात सगळेच उशिरा बोलते जी!”

बाहेर आल्यावर सून मला म्हणाली, “बाई, माह्या बोलाचा तं अजून नंबरच नाई लागला!” आम्ही दोघी हसलो. डोळे मात्र तिचे भरलेले होते.

*

मूल गावचा मंगेश, घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. डॉक्टर त्याला म्हणाले होते, “पुढच्या महिन्यात नक्की सांगतो.” अन् नेमका त्याच दिवशी नागपूरहून येणारा वरोऱ्याकडचा रस्ता पुरानं बंद! डॉक्टर आलेच नाहीत. सगळे घरी गेले, मंगेश बसून.

चौकीदार म्हणाला, “अबे, जा ना घरी! पुढच्या टायमाले येजो.”

“डॉक्टर आज म्हणले होते.”

कुलूप लावायची वेळ झाली तरी हलेना. बाप म्हणाला, “याच दिवसासाठी जिवंत होता हो हा. महिनाभर धड जेवला नाई.” अन् तो माणूस आमच्यासमोर रडला. पुढं ते बापलेक आलेच नाहीत. मंगेशच्या बहिणीची सोयरीक चालली होती म्हणे.

*

भद्रावतीची वैशाली बारावीत. कोणाच्या डोळ्यांत पाहणं जमत नसे, वर्गात पोरी हसत, झोप उडालेली, हातांवर स्वतःच्याच नखांचे ओरखडे. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “बाई, मले काय झालं ते डॉक्टर सांगतीन ना? त्याचं नाव समजलं का मले झोप लागन.”

बापाला मात्र पोरगी पास व्हायला हवी होती. बाकड्यावरच्या बाकीच्या आईबापांना विचारून त्यानं डॉक्टरांचे सगळे प्रश्न काढले, बोर्डाच्या गेस पेपरसारखे! अन् मग तिथंच तालीम. “वैशू, नजरेले नजर! हास! हात मांडीवर!”

मी म्हटलं, “भाऊ, असं नका करू. ती जशी आहे तशी दिसू द्या.”

“बाई, लग्न तुम्ही जमवान का तिचं?”

मी पुढचा नंबर पुकारला.

*

शेवटच्या फेरीला वैशाली आत गेली. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहिलं, हसली, हात मांडीवरून हलवले नाहीत. डॉक्टरांनाही त्या दिवशी गाडीची घाई. म्हणाले, “नॉर्मल आहे हो मुलगी. न्या घरी.”

बापानं समोरच्या दुकानातून पेढे आणले. “पास झाली पोरगी!” बाकड्यावरच्या सगळ्यांना वाटले. सगळ्यांनी खाल्ले.

वैशाली पेढा हातात धरून उभी. ते शिकवलेलं हसू अजून तोंडावर तसंच. मग माझ्याजवळ आली, थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि हळूच विचारलं,

“बाई, नापास व्हाले काय करा लागते?”