आईची ओळ

अंजूर गावच्या त्या मांडवात पुतळाबाई बिचकतच शिरली. ती धवलारीण. हळदीची, लग्नाची गाणी, म्हणजे धवलं, म्हणण्यात तिचा उभा जन्म गेला, पण आज कुणाचं नाव घ्यावं तेच ठरत नव्हतं.

सकाळी नवरी, उन्नती, तिच्या कानाशी लागली होती. "आजी, हळदीत माझ्या आईचं नाव घेशील ना गो?"

"घेन की. का न्हाय घ्यायचं?" पुतळाबाई बोलून गेली होती.

उन्नतीची आई दीपाली विधवा. नवरा गेल्यापासून ती शुभकार्यात स्वयंपाकघराच्या दारापुढे आली नव्हती. आणि धवलांचा रिवाज असा, की गाण्यात ज्या बाईचं नाव येईल तिनं उठायचं, नवरीला हळद लावायची. क्रमही ठरलेला, आजी, आत्या, आई, मग काकी. एकदा नाव आलं की ते परत घेता येत नाही. आणि सुरू केलेलं धवल अर्धं टाकलं तर नवरीच्या संसाराला बाधतं, म्हणून तेही कोणी करत नाही.

उन्नती आत जाते न जाते तोच तिचा चुलता केसरीनाथ पुढे आला. गावात तीन गोदामं असलेला, घरातला कर्ता माणूस.

"पुतळाबाय, आत्यानंतर सरळ माझ्या बायकोचं, रूपाचं नाव घे. काल्हेरची, नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन आलीत. त्यांच्यासमोर भलतं काय नको."

"पन पोरीची आयस—"

"तुला गायला बोलवलंय, गाव सुधरवायला न्हाय. वळ गावापासून काल्हेरपर्यंत माझी सोयरीक हाय. समजलीस ना?"

ती समजली. त्यानं नको म्हटलं की कुठल्याच मांडवातून तिला बोलावणं येणार नव्हतं. तसंही तिची जागा घ्यायला डीजेवाल्या भूपेशनं मांडवाच्या तोंडाशी कपाटाएवढे स्पीकर रचून ठेवलेच होते.

पोरी तिला विचारत, "आजी, एवढा डीजे असताना तुझं गाणं कशाला?" ती सांगायची, "डीजे ऐकायचा असतो गो. धवल उचलायचं असतं. मी नुसता शब्द टाकते. मागच्या बायांनी उचलला तर गानं, न्हायतर माझी बोंब. आन ज्या बाईला उचलू देत न्हायत, ती हळूहळू मुकी होते." हे बोलणं मांडवाबाहेर सोपं होतं.

पाटावर उन्नती बसली. बायका गोल करून बसल्या, निम्म्यांच्या हातात मोबाइल. काकी रूपा भरजरी लुगड्यात अगदी पुढे, हळदीच्या वाटीशी. पुतळाबाईनं सुरुवात केली.

हळद ओली, हात कोणाचा गो?
हात आजीचा, मथुराबायचा गो.

बायकांनी ओळ उचलली. आजी उठली, मग आत्या उठली. पुतळाबाईनं तिसऱ्यांदा "हात कोणाचा गो?" म्हटलं आणि समोर उन्नतीचे डोळे दिसले, त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभा असलेला केसरीनाथ. रूपाचं नाव येईना, दीपालीचंही येईना. तोंड नुसतं उघडं.

ओळ पडायला आली. तेवढ्यात आत्यानंतर आई, या लहानपणापासूनच्या सवयीनं पुढून कुणीतरी ती झेलली.

हात आयसचा, दीपालीबायचा गो.

ती रूपा होती! शब्द गेल्यावर तिनं जीभ चावली, नवऱ्याकडे पाहिलं. पण मागच्या बायकांनी ओळ उचललीसुद्धा होती.

स्वयंपाकघराच्या दारात दीपाली थिजून उभी. हातात उलथनं. ती जागची हलेना.

केसरीनाथ दातओठ खात पुढे सरकला आणि थांबला. चालू धवल तोडायची त्याचीही छाती होईना. त्यानं नुसतं बोट फिरवलं, पुढे चल. पुतळाबाईला कळलं, आपण काकीची ओळ घेतली की सगळं मिटतं. दीपाली सुटते, आपण सुटतो. आवाज फाटणार हे तिला ठाऊक होतं.

तिनं डोळे घट्ट मिटले आणि तीच ओळ पुन्हा टाकली. हात आयसचा.

बायकांनी उचलली. तिनं पुन्हा टाकली. "ऊठ गो दीपाली, किती वेळ ओढू आमी?" मागून एक म्हातारी खेकसली. कुणीतरी फिस्सकन हसलं. उलथनं फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग पावलं.

"आई, गालाला लाव ना," उन्नतीचा रडका आवाज.

पुतळाबाईनं आता काकीची ओळ घेतली, रूपाचं नाव घेतलं. आवाज कापत होता, पण मागून पूर्ण मांडव उचलत होता, आणि त्यात कित्येक वर्षांत न ऐकलेला एक जाडसर, बसका आवाज होता. दीपालीचा.

केसरीनाथ कुठे उभा आहे, ते बघायला डोळे उघडायची मात्र पुतळाबाईची अजून हिंमत होत नव्हती.