पळसाच्या पानांचे 'हे'

अक्कांचे यजमान मिक्सरचं भांडं घेऊन घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. मी बनशंकरीत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, त्याच आठवड्यात अक्कांनी मला हे सांगितलं, आणि तेही माझ्या ताटलीत इडलीशेजारी चटणी वाढता वाढता.

"पात्याला धार लावून आणतो म्हणाले. तीसेक वर्षं झाली गे. एवढी धार लावून काय तलवार करायची होती?"

हसावं की चेहरा पाडावा, मला कळेना. मी पुण्याची. चुकीच्या जागी हसलं की जन्मभर ऐकून घ्यावं लागतं, हे बाळकडू मिळालेलं. म्हणून मी आपली सुरक्षित बाजूनं म्हणाले, "चटणी फार छान झालीय."

"पाट्यावरची आहे," अक्का म्हणाल्या. "मिक्सीला भांडं कुठाय?"

त्या दिवसापासून आमचं जमलं. अक्कांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं. त्यांची मराठी ऐकून मला आधी वाटायचं की बाई मराठी आणि कन्नड एकाच कढईत परततात. "स्वल्प थांब, ऊट करून जा" हे त्यांचं नेहमीचं वाक्य, म्हणजे जरा थांब आणि जेवून जा. मी एकदा शहाणपणा करून त्यांची मराठी सुधारायला गेले. तेव्हा त्यांनी माझं 'अॅक्च्युअली', 'बेसिकली' आणि 'मीटिंग शेड्यूल' एका दमात म्हणून दाखवलं आणि विचारलं, "ह्यातलं मराठी कुठलं ते सांग, मग माझं सुधार." मला गप्प बसवणाऱ्या बायका जगात फार नाहीत.

यजमानांचा उल्लेख त्या नेहमी 'हे' किंवा 'आमचे' असाच करायच्या. पोलिसांत तक्रार त्यांनी लगेच दिली होती. पोलिसांनी ओळखीची खूण विचारली. अंगावर तीळ नाही, डाग नाही, सांगायचं काय? अक्कांनी सांगितलं, "घोरतात." ते साहेब म्हणे पेन खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिले. शोध झाला, फोटो लागले, दवाखाने पालथे घातले, धर्मशाळा झाल्या. घरात भांडण नव्हतं, नोकरी बरी चालली होती, कुणाचं काही घेतलेलं नव्हतं. जायचं कारण सापडेना आणि माणूसही सापडेना. पुढे साहेब बदलले, त्यांच्या जागी आलेले बदलले आणि प्रकरण थंड पडलं.

पण नातेवाईक थंड पडले नाहीत. यात्रेला गेलेला प्रत्येक जण परत येताना प्रसाद आणायचा आणि सोबत 'ह्यां'ची बातमी आणायचा. एका मावशींना ते काशीच्या घाटावर दिसले, दाढीत. एका चुलत दिरांना तिरुपतीच्या रांगेत दिसले, मुंडण केलेले. हुबळीच्या बसस्टँडवर तर ते एका बाईबरोबर चहा पिताना दिसले, आणि ही बातमी आणणाऱ्या बाईंनी ती सांगायला सगळ्यांत जास्त वेळ घेतला. सुरुवातीची काही वर्षं अक्का प्रत्येक बातमीमागे गेल्या. काशीला गेल्या, तिरुपतीला गेल्या, हुबळीलाही. "माझ्याबरोबर कधी म्हैसूरला आले नाहीत," त्या मला म्हणाल्या. "बस लागते म्हणायचे. आणि हरवल्यावर बघ, चारी धाम."

हे सगळं त्या हसत सांगायच्या आणि मीही हसायचे. त्यांना तेच हवं असायचं. हळहळणाऱ्या माणसांचा त्यांना कंटाळा आला होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्यासोबत गेले होते, तेव्हा बघितलं. घरच्या बाईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि ते अक्कांच्या कपाळापाशी येऊन अडलं. लावावं की नाही? अक्कांनी वाट बघितली नाही. कपाळच पुढे केलं आणि बोटाला टेकवलं. परतताना रिक्षात म्हणाल्या, "बाईचा हात दुखला असता थांबून थांबून." त्या रात्री मला मात्र राग आवरेना. माझी चिडचिड अशीच, दुसऱ्याच्या वतीनं आणि उशिरा येणारी.

मग त्यांच्या नातवाची मुंज ठरली आणि सगळं घोडं अडलं.

अक्कांचा मुलगा एचएसआर लेआउटला राहतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. मी त्याला दादा म्हणते. वडील नाहीसे झाले तेव्हा तो शाळेत होता. मुंजीचं विचारायला जे. पी. नगरचे गुरुजी आले, मीही खाली होते. मुंजीच्या आधी नांदीश्राद्ध असतं. मुलाच्या वडिलांनी घरातल्या गेलेल्या तीन पिढ्यांना नाव घेऊन बोलवायचं, की बाबांनो, घरात कार्य आहे, आशीर्वाद द्या. गुरुजींनी दादाला विचारलं, "वडील आहेत ना?"

दादा आईकडे बघायला लागला. अक्का भिंतीकडे.

"म्हणजे," गुरुजी म्हणाले, "असतील तर त्यांना बोलवता येत नाही. नसतील तर वगळता येत नाही. दोन्हींपैकी एक सांगा, मी तसा संकल्प सोडतो."

साधा प्रश्न. तीस वर्षांत कुणी इतका सरळ विचारला नव्हता. मग गुरुजींनीच मार्ग सांगितला. बारा वर्षं माणसाची काहीच खबर नसेल, तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला रीतसर अग्नी देतात. मग सुतक, दिवस, सगळं. त्यानंतर तो गेलेला धरायचा.

"बेडा," अक्का म्हणाल्या. नको. आणि आत निघून गेल्या.

दोन-तीन आठवडे असेच गेले. मुंजीचा विषय काढला की अक्का कोट्या करायच्या. पानांच्या माणसाला धार लावून आणा म्हणायच्या. सून आडून आडून विचारायची, अक्का तिला साडीच्या रंगावर न्यायच्या. मला मनातून वाटायचं, नाही म्हणतायत ते बरोबरच आहे. ज्या बाईनं स्वतःहून कपाळ पुढे करून स्वतःची जागा राखली, तिनं एका सकाळी गवतपानं जाळून ती का सोडावी? हे मत मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी ते जिन्यात दादाला ऐकवलं.

दादा तसा कमी बोलतो. त्या दिवशी जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाला, "तुला माहितीय, मी सिग्नलला उभा असलो की काय करतो? पलीकडून जाणारा प्रत्येक म्हातारा बघतो. आधी तरुण माणसं बघायचो. मग पन्नाशीची. आता म्हातारे. माझ्याबरोबर तेही वाढतायत." तो पुढे म्हणाला, "माझ्या मित्रांचे वडील गेले. रडले, दहा दिवस घरी बसले, लोक भेटायला आले, मग कामाला लागले. मला ते काहीच मिळालं नाही गं. मला सुतक पाहिजे."

इतकी वर्षं मी खाली बसून अक्कांच्या गमती ऐकल्या, चटण्या खाल्ल्या, पण या मुलाचं काय झालं असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. माझ्या पोटात काही राहत नाही. मी थेट खाली गेले. अक्का भिजवलेल्या अवरेकाळूंची, म्हणजे ओल्या वालांची, सालं चिमटीनं काढत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बसले आणि दादा बोलला ते जसंच्या तसं सांगितलं.

अक्कांनी मान वर केली नाही. दाणे सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कधी बोलला नाही."

"तुम्ही हसवत असता ना," मी म्हणाले. "हसणाऱ्या माणसाला काय सांगणार?"

हे जरा जास्तच झालं. पण अक्का चिडल्या नाहीत. "सरी," म्हणाल्या. ठीक आहे. "गुरुजींना बोलव."

गुरुजी आले. या वेळी अक्का त्यांच्यासमोर पाट मांडून बसल्या आणि घर बांधायला काढल्यासारखी त्यांची उलटतपासणी घेतली. पानं कुठून आणणार? डोकं कशाचं करणार?

"डोक्याच्या जागी नारळ ठेवतात," गुरुजी म्हणाले.

"शोभेल," अक्का म्हणाल्या.

सून पदराआड हसली. गुरुजींनाही हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात घालवलं. मग अक्कांनी विचारलं, "आणि समजा, जाळल्यावर परत आले तर?"

"त्याचाही विधी आहे, अक्का. मग तो माणूस पुन्हा जन्मला असं धरतात. तुपानं न्हाऊ घालायचं. बारसं करायचं. मुंज करायची."

"म्हणजे नातवाबरोबर एकाच मांडवात उरकता येईल. पुढे?"

गुरुजी जरा घुटमळले. "पुढे लग्न. आधीच्याच बायकोशी, पुन्हा नव्यानं."

अक्का पाटावर सरळ झाल्या. "म्हणजे मला विचारायला यावं लागणार?"

"रीतीनं, हो."

"पहिल्या वेळी कुणी विचारलं नव्हतं," अक्का म्हणाल्या. "आले तर विचार करीन म्हणावं." आम्ही सगळे हसलो. दादासुद्धा खूप दिवसांनी मोकळा हसला. हसता हसताच अक्का म्हणाल्या, "करा मग. सोमवारचं बघा."

विधी श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी झाला. दादा आणि गुरुजी पहाटे गाडीनं गेले. अक्का गेल्या नाहीत. मी सुट्टी टाकली होती, पण त्यांनी मला वर पाठवून दिलं, "माझ्याकडे बघत बसू नकोस, काम कर" म्हणून. कुंकवाचं मी भीत भीत विचारलं. तर म्हणाल्या, "ते माझ्या आईनं लावलं, मी पाळण्यात असताना. ह्यांचा काय संबंध?"

दुपारी खाली गाडीचा आवाज आला. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी न्यायचं असतं, एवढं मला माहीत होतं. पिठलं-भात केला होता. दादाची अंघोळ उरकेपर्यंत थांबले, मग पातेली घेऊन खाली उतरले आणि कोपरानं बेल वाजवली.

कोपर बटणावरून निघायच्या आत दार उघडलं. अक्का उभ्या होत्या. पदर सारखा केलेला, केसांवरून हात फिरवलेला, धापा टाकत. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत त्या धावत आल्या असणार, गुडघे दुखतात तरी. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. लगेच सावरलाही, पण मी बघितलं.

"तू होय," म्हणाल्या.

आत दिवाणावर दादा झोपला होता, तोंड उघडं टाकून, ओले केस तसेच. अक्का मला कुजबुजत म्हणाल्या, "लहानपणापासून बेल वाजली की आधी हा पळायचा. मला दारापर्यंत पोचू द्यायचा नाही. लग्न झालं तरी तेच. आज हललासुद्धा नाही बघ." त्यांना किती बरं वाटलं होतं ते दिसत होतं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"आणि तुम्ही, अक्का?" मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

त्यांनी माझ्या हातातलं पातेलं घेतलं, झाकण उचलून वास घेतला, पुन्हा ठेवलं.

"सुतक त्याला पाहिजे होतं गे," म्हणाल्या. "मला नव्हतं."