शाळा सुटल्यापासून भोंगा होईपर्यंत

शाळा साडेचारला सुटायची आणि गिरणीचा भोंगा सहाला व्हायचा. वडील गिरणीत कापड विणायच्या साच्यावर, आई सूत गुंडाळायच्या खात्यात. घराला कुलूप. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात अशी बंद घरं पुष्कळ होती. दप्तर उंबऱ्यावर टाकलं की पाय एका जागी ठरत नसत. भूक असायचीच, पण तिच्याहून वाईट ते रिकामपण. कुणीतरी म्हणायचं, "चला रे, पलीकडच्या बोळात!" आणि आम्ही निघायचो. तिथली पोरं विणकरांची, घरात तेलुगू बोलणारी. त्यांच्याशी आमचं वैर कशाचं, हे मला आजही सांगता येत नाही. आधी शिव्या, मग ढकलाढकली, मग दगड.

एकदा माझा दगड एका मुलाच्या डाव्या डोळ्याला लागला. माझ्याच वर्गातला मुलगा, दोन बाकं पुढं बसणारा. तो ओरडला नाही. तोंड झाकून मटकन खाली बसला. बोटांमधून रक्त येऊ लागलं तशी सगळी पोरं पांगली. मीही पळालो.

आईनं घरी आल्या आल्या विचारलं, "पोराचा डोळा फुटलाय म्हनं. तू हुतास का तितं?"

"न्हाय," मी म्हणालो.

आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी ड्रिलच्या मास्तरांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, छड्या बसतील आणि सुटेन. मास्तरांनी एवढंच विचारलं, "शाळा सुटल्यावर घरी का जात नाहीस?"

"घराला कुलूप असतंय की."

ते मला त्या मुलाच्या घरी घेऊन गेले. मागावर बसलेल्या त्याच्या वडिलांपुढं मी कबुली दिली. माझ्याकडं न बघता ते मास्तरांना म्हणाले, "ह्याला मारून माझ्या पोराचा डोळा येतो का? उद्या दुसऱ्याचा जाईल. तुम्ही काय करणार, ते सांगा."

पुढच्या सोमवारपासून मास्तरांनी शाळेचं पटांगण भोंगा होईपर्यंत उघडं ठेवलं. हुतूतू, लेझीम, अभ्यास राहिलेल्यांसाठी ओट्यावर गणितं. दोन्ही बोळांतली पोरं मिसळूनच गडी पाडायचे, हा त्यांचा नियम. पहिले काही दिवस पटांगणातच मारामाऱ्या झाल्या.

महिन्याभरानं तो मुलगा शाळेत आला. मास्तरांनी त्याला माझ्याच संघात घातलं. तो माझ्याशी बोलत नव्हता. एके दिवशी ऐन डावात त्यानं माझं मनगट धरून ओढलं. "माझ्या डावीकडं थांब. मला तिकडचं दिसत न्हाई."

मी थांबलो. पुढं रोज तिथंच थांबायचो.

वर्षभरात मास्तरांची बदली झाली आणि पटांगणाचं फाटक बंद झालं. आठ दिवसांत बोळात पुन्हा दगड उडाले. पटांगण उघडं ठेवा म्हणून सांगायला तो आणि मी हेडमास्तरांकडं गेलो.

"पोरांची जबाबदारी कोण घेणार?" त्यांनी दरडावलं.

"मी," तो म्हणाला.

हेडमास्तरांनी त्याच्या डोळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले. "आणि तू?"

"मीबी."

आम्ही शाळा सोडेपर्यंत पटांगण उघडं राहिलं. दगडफेक पूर्णपणे थांबली असं नाही, पण पोरं पटांगणाकडं वळायला लागली. त्या मुलाची माफी मात्र मी कधी मागितली नाही. रोज म्हणायचो, आज मागू. आणि तेवढ्यात खेळ सुरू व्हायचा.