वेंगुर्ल्यातलं घर

सहाव्या बदलीच्या वेळी, लोणच्याच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता, मी नवऱ्याला स्पष्ट सांगून टाकलं. "आजवर कुठे राहायचं ते हवाईदलाने ठरवलं. तुम्ही रिटायर झालात की मी ठरवणार, आणि तुम्ही मुकाट्याने यायचं." तो हो म्हणाला. माणूस शब्दाचा पक्का आहे.

त्याची शेवटची बदली लखनौच्या बख्शी का तालाब हवाईतळावर झाली, तिथूनच तो रिटायर झाला आणि आम्ही शहरातल्या तेलीबागेत घर बांधलं. तात्पुरतं, असं मी म्हणत असे. या तात्पुरत्याला अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात आमच्याकडे चहाला आलेल्या प्रत्येकाला मी ऐकवलं की आम्ही काही इथले नाही, मी वेंगुर्ल्याची, एक दिवस समुद्रावर राहायला जाणार. नऊ वर्षांची असताना मी ते गाव सोडलं होतं, हे मात्र कोणी विचारलं तरच सांगायचे.

या हिवाळ्यात मामेभावाने कळवलं की बंदराच्या वाटेवर एक घर विकायला निघालंय. नवरा म्हणाला, चारबाग स्टेशनवरून गाडी पकडू. मी म्हटलं, नाही, कॅरव्हॅन. नातेवाइकांकडे उतरलं की चार तोंडांनी आठ सल्ले मिळतात, आणि हा निर्णय मला एकटीला घ्यायचा होता. ओळखीतल्या एकाची गाडी भाड्याने मिळाली: दोन पलंग, एक शेगडी, आणि आत उभं राहिलं तर नवऱ्याचं डोकं छताला लागणार. पाचव्या दिवशी घाट उतरताना डाळीचा डबा फुटला. उरलेला रस्ता आम्ही पायाखाली तूरडाळ तुडवतच आलो.

गावातल्या गल्ल्यांत ती गाडी शिरेना, म्हणून बंदराजवळ लावली आणि पायी निघालो. वाट मी दाखवणार होते. धक्का सापडला, टेकडीवरचा दीपस्तंभ सापडला, पण बाजार शोधताना आम्ही तीनदा एकाच लिंबूसोड्याच्या गाड्यासमोर येऊन उभे राहिलो. तिसऱ्यांदा नवऱ्याने सोडा मागवला. मासळी बाजारात मी ऐटीत पुढे झाले आणि कोळणीला विचारलं, "ये सुरमई कैसे दी?" तोंडातून तेच निघालं. तिनेही हिंदीत भाव सांगितला. मी तडकून मराठीत म्हटलं, "अहो, मी इथलीच आहे." ती मान वर न करता म्हणाली, "होय काय?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला राग आला. नवरा हसला म्हणून आणखी आला.

दुपारी नवऱ्याला धक्क्यावर सोडून मी एकटीच घर बघायला गेले. मालकीणबाई सत्तरीच्या, मुलाकडे पुण्याला राहायला निघालेल्या. मी पर्समधून वही काढली. फौजी बायकांची ही जुनी रीत: क्वार्टर ताब्यात घेताना आधी एकेक नळ, कडी, बटण तपासायचं, मोडकं असेल ते लिहून घ्यायचं आणि मगच सही करायची. नाहीतर सोडताना ते आपल्या माथी येतं. मी तशीच सुरू झाले. मागच्या खोलीची खिडकी उघडेना. लिहिलं.

"ती पावसात फुगता," बाई म्हणाल्या. "ढोपरान ढकला."

न्हाणीघराचा नळ ठिबकत होता. लिहिलं. "चिंधी बांधूची, मगे गप ऱ्हवता."

मी मनात म्हटलं, अशा घराला आमच्या हिशेबात नापास म्हणतात. पण ओटीवरून समुद्राचा आवाज येत होता आणि माझा जीव तिथे अडकला होता. पास करायचंच, असं ठरवूनच मी पान उलटलं. तेवढ्यात फोन वाजला. तेलीबागेतली शेजारीण, जिच्याकडे आमची किल्ली होती.

"भाभीजी, गमले में पानी देने आई थी, पीछे वाला दरवाज़ा खुल ही नहीं रहा!"

"हाँ, तो पहले दरवाज़े की कुंडी ऊपर उठाइए. अब हल्का सा अपनी तरफ़ खींचिए. अब कंधे से धक्का. खुला?"

खुला. पण पाण्याची मोटर सुरू होईना. मी सांगितलं, बटन दबाकर रखिए, तीन तक गिनिए, डिब्बे पर एक थपकी मारिए. मग म्हटलं, जिन्याच्या चौथ्या पायरीवर जपून, ती हलते. आणि तुळशीला सकाळचं ऊन मिळतं का बघा, नसेल तर ती डावीकडे सरकवा, तिथे मी खडूने खूण केलीय. हे सगळं मी वेंगुर्ल्याच्या ओटीवर उभी राहून, डोळे मिटून सांगत होते.

फोन ठेवला तेव्हा बाई माझ्याकडे बघत होत्या.

"ह्या कोणाचा घर?"

"आमचं. लखनौचं. तात्पुरतं आहे."

"त्याची मोटर, जिनो, दार सगळा तुमका पाठ आसा," त्या म्हणाल्या. "मगे ता सोडून तुमी हय कित्याक येतास?"

मी हातातल्या वहीकडे बघितलं. अकरा वर्षांत तेलीबागेतल्या एकाही बिघाडाची मी वहीत नोंद केली नव्हती, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

बाईंनी सोलकढी दिली. ती पिऊन, त्यांच्या पाया पडून मी निघाले. घर घेत नाही, हे तिथेच सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. उलट त्यांनी ओटीच्या खांबावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बरा झाला, आणखी थोडे दिवस.

धक्क्यावर नवरा होड्या बघत उभा होता. "अच्छा, मग? ठरलं?"

"ठरलं. लखनौ."

"आणि समुद्र?"

"समुद्र बघायला येऊ दरवर्षी. चार दिवस. लोक येतात तसे."

हे बोलले आणि मला रडू आलं. भर बंदरावर, जाळी विणणाऱ्या माणसांसमोर, मी हमसून हमसून रडले. त्याने नेहमीसारखा इकडेतिकडे बघत रुमाल पुढे केला. मी नाक पुसलं आणि त्याला म्हटलं, "परत जाताना पाट्या बघत गाडी हळूहळू घ्या. मला इथले रस्ते माहीत नाहीत."