बाळंतपणाची सेकंड शिफ्ट

आमच्या घरात दोन पिढ्या शिफ्टवर वाढल्या. नवरा पिंपरीच्या कंपनीत, मुलगा चाकणला. त्यामुळे घरात काहीही ठरवायचं म्हटलं की आधी फर्स्ट की सेकंड ते विचारायचं, मग पुढचं बोलायचं. मुलाचं लग्नसुद्धा आम्ही फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर दापोडीतली माणसं आरामात पोचतील अशा बेतानं लावलं होतं. तेव्हा सुनेच्या बाळंतपणाच्याही शिफ्टा पडल्या यात नवल नाही. नवल एवढंच, की त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण सुनेचं माहेर लातूरच्याही पलीकडे, आणि सातव्या महिन्यापासून तिचं बीपी वर जायला लागलेलं. एवढा लांबचा प्रवास नको, दवाखान्याच्या जवळच राहा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मग माहेरच तिच्याकडे आलं. विहीणबाई डिंक, अळीव, घरचं तूप, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी असं सगळं गाठोडं घेऊन मुलाच्या चाकणच्या दोन खोल्यांत उतरल्या. मी दापोडीहून आधीच मुक्कामाला आले होते. दोन खोल्या, दोन आज्या. भाजीला फोडणी कुणी घालायची यावरून आमचं भांडण झालं नाही, कारण आम्ही दोघीही फार समजूतदार असल्याचं दाखवत होतो.

खरा पेच वेगळाच होता. हल्ली सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईजवळ घरातली एक बाई थांबू देतात. तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरनं नीट समजावून सांगितलं होतं, की बदली चालेल पण एका वेळी एकच, आणि शक्यतो जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय अशी. आम्ही दोघीही त्यात बसत होतो. दोघींनाही आत जायचं होतं, आणि दोघीही एकमेकींना ‘तुम्हीच जा हो’ म्हणत होतो.

पोरानं जेवता जेवता निकाल लावला. विहीणबाई फर्स्ट शिफ्टला, आई सेकंडला. थर्डला कोण, असं सुट्टीचं भेटायला आलेल्या नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाला, बाळ थर्डपर्यंत थांबणार नाही. सगळे हसलो. सून ओट्यापाशी बसून लसूण सोलत होती, तीही हसली. झालं, प्रश्न मिटला असं आम्ही धरून चाललो. तिला विचारावं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मला आत जायचं होतं त्याला कारण होतं. एका दुपारी मेथी निवडताना सुनेनं हळूच विचारलं होतं, "आत्या, तिथं मारत तर न्हाईत ना?" तिच्या गावाकडच्या कुण्या बाईनं काहीबाही सांगून तिच्या मनात भीती घातली होती. कळांची भीती नव्हती तिला. परक्या माणसांसमोर आपल्याला कुणी घालूनपाडून बोलेल, हात उचलेल, याची होती. मी म्हटलं, "माझ्यादेखत कुणी हात लावून दाखवू दे." बोलताना मुठीतली मेथी पार चुरगळली.

कारण मला ते ठाऊक होतं. हा माझा मुलगा झाला तो एका सरकारी दवाखान्यातच. कुठल्या ते आता उगाळून काय उपयोग. आत एकटी होते. शेजारच्या खाटेवर दुसरी, मध्ये पडदा नाही. एकदा ओरडले तर मांडीवर फटका बसला, आणि वर जे ऐकवलं ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्यानंतर पदराचा बोळा तोंडात धरला आणि शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी गल्लीत घरोघर सांगितलं, "माझ्या सुनेनं आवाजसुद्धा काढला न्हाई." बायका कौतुकानं माझ्याकडे बघायच्या. फटका कुणाला माहीत नव्हता, गुण मात्र सगळ्यांना माहीत झाला. आणि खरं सांगते, त्या गुणाचा मला पुढे अभिमानच वाटायला लागला.

कळा सकाळी सुरू झाल्या. पोरगा कामावर गेलेला होता. रिक्षानं दवाखाना गाठला आणि ठरल्याप्रमाणे विहीणबाई आत गेल्या. मी बाहेरच्या बाकावर. दार उघडलं की मान लांब करून आत बघत होते. शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, पहिलटकरीण आहे का, वेळ लागेल. मी म्हटलं, लागू दे, माझी सेकंड आहे. तिला काही कळलं नाही.

दुपारी सिस्टरांची ड्यूटी बदलली तशी आमचीही बदलली. मी आत गेले तेव्हा जाणारी सिस्टर येणारीला सुनेच्या खाटेपाशी उभी करून चार्ज देत होती. कंपनीत मशीनचा देतात तसाच, फक्त इथं मशीनलाही बोलण्यात घेत होती. बीपी किती, कळा कशा, सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, पडदा ओढलेला हवाय हिला, आणि तपासायच्या आधी सांगितलं की घाबरत नाही. मग सुनेकडे वळून, बरोबर ना गं, असं तिलाच विचारलं. सुनेनं मान हलवली.

विहीणबाईंनीही मला चार्ज दिला. "कमरंत लई कळा यायल्यात तिच्या. तळहातानं चोळा, बोटानं नगा. पाणी घोटघोट पाजा." असं म्हणून लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि गेल्या. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं बिचारीच्या.

मी पदर खोचला आणि नव्या सिस्टरच्या आणि खाटेच्या मध्ये उभी राहिले. दणकट आवाजाची, तरणीताठी मुलगी होती. मनात म्हटलं, बरी सापडलीस. तिनं मला गोडीत बाजूला व्हायला सांगितलं, हात धुतले, सुनेला म्हणाली, "तपासू का? दुखलं तर सांग, मी थांबेन." आणि सून दुखतंय म्हणाली तेव्हा ती खरंच थांबली. कुशीवर झोपायचं की उठून चालायचं तेही तिलाच विचारलं. भांडायची एवढी तयारी करून आलेली मी, मला कुठं बोटही ठेवायला जागा मिळेना.

तेवढ्यात मोठी कळ आली. सून गुरासारखी हंबरली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ओरडू नकोस! बाहेर माणसं बसलीत. दात दाब. मी आवाजसुद्धा काढला नव्हता."

त्या खोलीत सकाळपासून तिच्यावर कुणी आवाज चढवला असेल, तर तो मी.

सून गप्प झाली. ओठ इतके दाबले की पांढरे पडले. मला वाटलं, शाबास. सिस्टर मात्र तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तोंड मोकळं सोड, श्वास घे, हवं तेवढं ओरड. मग माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता म्हणाली, "आजी, ओरडू दे तिला. तुमच्या वेळी कुणी होतं का हो जवळ?"

नव्हतं, असं मी म्हटलं. तिनं आणखी काही विचारलं नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं ते मात्र तिनं पाहिलं असणार, कारण तिनं मुद्दाम पाठ करून बीपीची पट्टी आवरायला घेतली. फटक्याचं दुखणं मी इतकी वर्षं विसरले नव्हते. पण तो फटका मी सुनेपर्यंत वाहून आणलाय, हे तोपर्यंत कळलंच नव्हतं.

कळ ओसरल्यावर सिस्टरनं सुनेला विचारलं, कोण जवळ असलं की तुला बरं वाटतं? साधा प्रश्न. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"माय," ती म्हणाली. "आत्या, राग मानू नका."

राग आला. खोटं कशाला बोलू? सकाळपासून बाकावर बसून कंबर मोडली होती माझी, आणि नातवंडाचं तोंड पहिल्यांदा मीच बघणार अशी आस होती. पण त्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि तेही असल्या कळांमध्ये माझी माफी मागत. मी तिचा घाम पुसला, नाही मानत राग म्हणून सांगितलं आणि बाहेर पडले.

विहीणबाई दवाखान्याच्या आवारात झाडाखाली भाकरीचा दुसरा घास तोडत होत्या. मला बघून त्यांचा हात तसाच राहिला. मी म्हटलं, "सगळं ठीक आहे. उठा, तुम्हाला ओव्हरटाइम लागलाय."

"आवं, पण तुमची पाळी हाय की."

"पाळ्या लावल्या पोरानं, त्याला काय कळतंय? ती तुम्हाला बोलवतेय."

त्या तशाच खरकट्या हातानं धावल्या. हात धुवायला मला हाक मारून थांबवावं लागलं. मी त्यांची उरलेली भाकरी बांधून घेतली आणि माझ्या बाकावर जाऊन बसले.

मग मी ऐकलं. सून ओरडत होती, मोकळ्या गळ्यानं, मायला हाका मारत, मध्येच आमच्या पोराचा उद्धार करत. प्रत्येक वेळी पाठोपाठ विहीणबाईंचा आवाज येत होता, "हाव गं लेकरा, हाव मी हितंच." कुणी दटावलं नाही. एक बाई अशी ओरडू शकते आणि तरीही तिच्याशी माणसासारखं वागतात, हे मी भिंतीला पाठ टेकून ऐकत होते. पहिल्यांदा जीव कासावीस झाला. मग हळूहळू बरं वाटायला लागलं, आपलीच कुठली तरी जुनी ठसठस कमी व्हावी तसं.

शिफ्ट सुटल्यावर पोरगा कंपनीच्या कपड्यांतच आला. आतला आवाज ऐकून त्याचा चेहरा उतरला. मला बाहेर बघून आणखीच गोंधळला. सेकंडला तू होतीस ना, म्हणाला. मग म्हणाला, "आई, आत जाऊन तिला जरा समजाव ना. किती ओरडतेय."

"ओरडू दे," मी म्हटलं. "तू झालास तेव्हा मला ओरडू दिलं नव्हतं कुणी."

त्यानं पाठीवरची बॅग खाली ठेवली. मग शेजारी बसला आणि माझा हात धरून ठेवला. लग्न झाल्यापासून असा बसला नव्हता. आम्ही दोघं तसेच बसलो असताना आतला मोठा आवाज थांबला आणि बारका सुरू झाला. मुलगी झाली. सिस्टरनं दारातून सांगितलं, दोघी छान आहेत, आणि आधी आईच्या अंगावर ठेवलंय, तुम्ही थोडं थांबा. थांबलो. तोंड विहीणबाईंनी पहिलं पाहिलं, मी तिसरं. चालायचंच.

सव्वा महिना झाल्यावर मी दापोडीला परतले. गल्लीतल्या बायका जमल्या. जयभीम झाला, पेढे झाले, नात कुणावर गेली ते झालं. मग माझ्या सासूबाईंच्या बरोबरीची एक म्हातारी तिथं होती, तिनं नेहमीचं विचारलं, "सुनेनं दम धरला का गं? का केला कल्ला?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी मांडी घालून नीट बसले.

"कल्ला?" मी म्हटलं. "अख्ख्या दवाखान्यानं ऐकलं. माझी सून आहे ती."