शेंगा फोडायला

सुनंदाआक्कांच्या टेबलावर कागद कमी आणि भुईमुगाच्या शेंगा जास्त असायच्या. आमच्या बेळगावच्या शाळेत त्या समुपदेशक होत्या. त्यांना वेगळी खोली नव्हती, म्हणून माझ्या ग्रंथालयात, कपाटांमागे बसायच्या. काकतीच्या घरच्या रानातल्या शेंगा आणून समोरच्या मुलापुढे ओतायच्या. समुपदेशनाला बोलावलं की मूल वेडं ठरायचं. शेंगा फोडायला बोलावलं की कुणी काही म्हणत नसे. "खाली बघायला कायतरी लागतंय हो पोरांना," त्या म्हणायच्या.

शिक्षकांच्या खोलीत थट्टा चाले, "आक्का, आज कुणाचं टरफल काढलंत?" त्या हसत आणि विचारणाऱ्याच्या हातावरही मूठभर शेंगा ठेवत. कुणी रजेवर गेलं की मुख्याध्यापक त्यांनाच वर्गावर पाठवत. त्या जात. समोर मूल बसलेलं असलं तर मात्र जात नसत. त्यावरून बोलणीही खात.

जांबोटीकडची सुमन नववीत होती. आई गेल्यापासून ती बोलेनाशी झाली होती. एक दिवस तिचे मामा दाखला न्यायला आले. भाचीला याड लागलंय, आता घरीच बसवतो, असं त्यांचं म्हणणं. सुमन शेजारी मान खाली घालून बसलेली. आक्कांनी मामांपुढेही शेंगा ओतल्या. तेवढ्यात शिपाई निरोप घेऊन आला, आठवीवर कुणी नाही. आज जमणार नाही म्हणून सांग, असं म्हणून आक्कांनी त्याला परत पाठवलं. अशा वेळी मी बाहेर जात असे. व्हरांड्यात मला ऐकू येत होतं.

"अण्णा, तिला याड न्हाय लागलं. घरात तिच्या आईचं नाव कोण काढतंय?"

 आत शेंगा फुटायचं थांबलं.

"धाकटी भन व्हती माझी," मामा म्हणाले. "नाव काढलं की गळा दाटतोय."

"दाटू दे की. हिच्यासमोर दाटू दे."

मामा दाखला न घेताच गेले.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आक्का गेल्या. दुखणं त्यांनी आम्हां कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळा उघडली तेव्हा आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो, मग तास सुरू झाले. त्यांचं टेबल ऑफिसात गेलं. शिक्षकांच्या खोलीत आता त्यांचा विषय निघाला की कुणीतरी दुसरंच काही बोलू लागतं.

परवा मधल्या सुट्टीत सुमन आली. दहावीत आहे ती. माझ्या टेबलावर तिनं शेंगा ओतल्या.

"सर, आक्कांचं नाव कुणी काढंना झालंय."

मी एक शेंग उचलली. काही सांगायला गेलो, आणि शब्द फुटेना.

"दाटू दे, सर," ती म्हणाली, आणि खाली बघून शेंगा फोडत राहिली.